आधी पंखा बंद करा: पहिल्यांदाच स्वस्त ओपन-बॅक हेडफोन घेणाऱ्यांसाठी

मागच्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज आला, "ताई, पाच-सहा हजारात एक हेडफोन सांग ना, पण तुझ्यासारखा नको, त्यातून सगळा आवाज बाहेर सांडतो." तक्रार खरी आहे. माझा ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा, हेडफोन आवाज सांडतो, बाहेरचा आवाज आत येऊ देतो, खालचा बास त्याच्याकडे जेमतेम आहे, दिसायला तो मामाने दुबईहून आणलेल्या वॉकमनबरोबरचा वाटतो, आणि तरी याच्या तिप्पट किमतीचा, मागून बंद असलेला हेडफोन कपाटात पडून आहे आणि मी रोज रात्री हाच घालते. का, ते त्याला फोनवर समजवायला गेले तर पाऊण तास गेला आणि शेवटी तो म्हणाला, "बरं, पण घेऊ कुठला?" म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

तुम्ही आत्तापर्यंत फोनबरोबरचे इअरफोन, ब्लूटूथचे बड्स नाहीतर एखादा गुबगुबीत बंद हेडफोन वापरलाय आणि ओपन-बॅक ही काय भानगड आहे ते माहीत नाही, असं धरून चाललेय. ज्यांना माहीत आहे त्यांनी पायरी दोनवर उडी मारा.

पायरी शून्य: घरात शांत तास आहे का?

ही पायरी खरेदीच्या आधीची आहे आणि बहुतेक लोक हीच गाळतात. ओपन-बॅक हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. कमी अडवतो असं नाही, अडवतच नाही म्हणा. सिलिंग फॅन तीनवर असेल तर तो गाण्यात तानपुऱ्यासारखा सतत वाजत राहणार, कुकरची शिट्टी थेट कानात, खालून टेम्पो रिव्हर्स घेत असेल तर त्याचं ते टींटीं पण. मी डोंबिवलीत स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहते, दिवसा माझ्या घरी ओपन-बॅक घालून बसणं म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय. पण रात्री साडेदहानंतर, जेवणं आटोपली की, खिडकी लावून पंखा एकवर केला की खोली बऱ्यापैकी शांत होते. माझा तास तोच.

तुमचा असा तास आहे का ते दोन-तीन दिवस बघा. पहाटेचा असेल, दुपारी मुलं शाळेत गेल्यावरचा असेल. नसेलच, म्हणजे तुम्ही लोकलमध्ये, ऑफिसच्या फ्लोअरवर किंवा हॉस्टेलच्या खोलीत चौघांत ऐकणार असाल तर इथेच थांबा, बंद हेडफोन किंवा बड्स घ्या, ते त्या कामासाठीच बनलेत.

आणि उलट बाजूने पण विचार करा, तुमचं ऐकणं दुसऱ्याला ऐकू जाणार. माझे बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसतात, एकदा मी एका मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकत होते आणि बघते तर ते पेपरवर बोटांनी ताल धरून बसलेले, सम बरोब्बर घेत होते. आईला अजून वाटतं की मी फोनच्या स्पीकरवर गाणं लावते आणि कानाला उगाच काहीतरी अडकवते. शेजारी कोणी झोपलेलं असेल तर मात्र हे गमतीचं राहत नाही, लग्न झालेल्यांनी नोंद घ्या.

पायरी एक: पाठ उघडी म्हणजे काय ते एकदा समजून घ्या

हेडफोनच्या प्रत्येक कपात एक छोटा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा पातळ पडदा पुढेमागे हलतो. पुढे हलला की आवाज कानाकडे जातो, पण तितकाच आवाज मागेही निघतो, आणि सगळी कथा त्या मागच्या आवाजाचं काय करायचं याची आहे.

बंद हेडफोनमध्ये मागे प्लॅस्टिकची वाटी असते. आवाज तिच्यावर आपटतो, परत फिरतो, आणि पडदा इतका पातळ की त्यातून आरपार पुन्हा कानात येतो, म्हणजे मूळ सुरावर त्याचीच शिळी कॉपी चढते. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलून बघा, तसलं काहीतरी. यावर उपाय आहेत, वाटीचा आकार, आत फोम, बारीक भोकं, चांगले पॅड, सगळं नीट जमवलं तर बंद हेडफोन झकास वाजतो. पण ते जमवायला पैसे लागतात, आणि दोन-तीन हजाराच्या हेडफोनमध्ये ते पैसे बहुधा बॉक्सवर, ब्लूटूथवर आणि जाहिरातीवर गेलेले असतात.

ओपन-बॅकमध्ये वाटीच्या जागी जाळी. मागचा आवाज निघून गेला, विषय संपला. शिळी कॉपी नाही, पिंप नाही. म्हणून गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं न वाटता कानाच्या जरा बाहेर, मोकळ्या हवेत वाजल्यासारखं वाटतं.

फुकट काहीच नाही. खालच्या सुरांच्या लहरी लांबलचक असतात, त्या अशा उघड्या कपाला सहज वळसा घालतात, आणि पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असल्यामुळे भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय कानाभोवती हवा कोंडलेली नसल्याने तो छातीत धक्का बसल्यासारखा बासही तयार होत नाही. स्पंजवाल्या छोट्या ओपन हेडफोनमध्ये साधारण ६०-७० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा) खाली सगळं विरायला लागतं.

आता माझा मुद्दा. स्वस्त हेडफोन कुठेतरी चुकणारच. स्वस्त बंद हेडफोन चुकतो तो मध्ये चुकतो, जिथे माणसाचा गळा आहे, हार्मोनियम आहे, सारंगी आहे. स्वस्त ओपन-बॅक चुकतो तो टोकाला, एकदम खाली, आणि कधीकधी एकदम वर. तुम्ही भावगीतं, नाट्यगीतं, ख्याल, गझल, जुनी हिंदी गाणी, पॉडकास्ट असलं ऐकत असाल तर तुमचा नव्वद टक्के माल मध्येच आहे. मग कुठली चूक परवडते ते तुम्हीच बघा. ढोल-ताशा आणि डीजेवाली गाणी ऐकत असाल तर उत्तर वेगळं, आणि त्यात कमीपणा काही नाही. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बसवून हेडफोन ऐकवून बरंच संशोधन केलंय, त्यातही बहुतेक लोकांना बास जरा चढाच आवडतो असंच निघालं. बास सोडून खूश असणारे आम्ही अल्पसंख्यच.

एक प्रयोग सांगते. कोणाकडे ओपन-बॅक असेल तर तो घालून गाणं लावा आणि दोन्ही तळहात जाळीवर हळूहळू आणा. हात दोन बोटं लांब असताना काहीच होत नाही, मग जवळ आणलात की गायकाला अचानक सर्दी होते, गळा डब्यात गेल्यासारखा होतो. हात काढा, सर्दी गेली. दुकानात उभं राहून मित्राला पटवायला यापेक्षा सोपं काही नाही.

ही नवी फॅशन वगैरे नाही हं. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला, पिवळ्या स्पंजचा, हलका, तो बाजारात आलेला पहिला ओपन हेडफोन म्हणून ओळखला जातो आणि तो एक कोटीच्या वर विकला गेला. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला त्याच्याबरोबरचे स्पंजवाले हेडफोनही उघड्या जातीचेच. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला हेडफोन ओपनच होता, फक्त तेव्हा कोणी त्याला तसं म्हणत नव्हतं.

पायरी दोन: घ्यायचा कुठला

किंमती मी रुपयात लिहीत नाही, आपल्याकडे इम्पोर्टच्या मालाचा भाव आज एक उद्या एक असतो, दोन-तीन ठिकाणी बघूनच घ्या. पण मंडळी ओळखीची करून देते.

सगळ्यात खाली, आणि माझ्या मते सगळ्यात मजेदार, कॉसचा केएससी७५. कॉस ही अमेरिकेतल्या मिलवॉकीची कंपनी, जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये घरी गाणी ऐकायचा स्टिरिओ हेडफोन आणला ती. केएससी७५ ला डोक्यावरचा पट्टाच नाही, दोन चकत्या, एकेका कानाला क्लिपने अडकवायच्या. अमेरिकेत साधारण वीस डॉलरला मिळतो. दिसायला जत्रेतलं खेळणं, हातात घेतला तर वजनच नाही, आणि वाजायला लागला की माणूस बॉक्स उलटून किंमत पुन्हा बघतो. आवाज जरा उजळ बाजूला झुकणारा.

त्याचा मोठा भाऊ पोर्टा प्रो, १९८४ चा. चाळीस वर्षं झाली, डिझाइन जवळपास तेच. हा उबदार आवाजाचा, मधल्या बासला थोडा फुगवटा, वरचे सूर मऊ. ज्यांना "बास अगदीच नको कसा" असं वाटतं त्यांनी हा घ्यावा. पत्र्याचा पट्टा सरकवताना त्यात केस अडकतात ही जगभरची तक्रार आहे, लांब केस असतील तर आधी पट्टा लांब करा, मग डोक्यावर चढवा. केएससी७५ चे ड्रायव्हर काढून वेगळ्या पट्ट्यावर बसवणारे लोकही खूप आहेत, ते पुढचं खूळ, लगेच नको.

कान पूर्ण झाकणारा मोठा हवा असेल तर फिलिप्सचा एसएचपी९५००, नंतर त्याचाच ९६०० आला. ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर, ३२ ओहम (हेडफोन विजेला किती अडवतो तो आकडा), फोनवर सहज चालतो, आत कान मोकळा राहतो, कापडी पॅड असल्यामुळे घाम कमी. बास सडपातळ आहे. ९५०० ची वायर निघते, तिथे साधं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, म्हणून गेमिंगवाले त्यात माइकवाली वायर लावतात. दिवसभर मीटिंगमध्ये असणाऱ्यांना मी हाच सांगते, कारण ओपन-बॅकमध्ये आपला स्वतःचा आवाज आपल्याला नेहमीसारखा ऐकू येतो, कान बुजून बोलल्यासारखं घुमत नाही. फक्त आवाज बेताचा ठेवा, नाहीतर तो माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला स्वतःचीच वाक्यं परत ऐकायला मिळतात.

सुपरलक्सचा एचडी६८१ सेमी-ओपन आहे, म्हणजे पाठ अर्धवट उघडी. त्यामुळे बास जास्त, पण ८ हजार हर्ट्झच्या आसपास एक टोकदार शिखर आहे, "स" आणि "श" कानाला टोचतात. त्याचा इलाज पायरी सहामध्ये.

ग्राडो म्हटलं की लोक एक तर हात जोडतात नाहीतर नाक मुरडतात. जोसेफ ग्राडो यांनी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये घरातल्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, बनवायला सुरुवात केली, हेडफोन खूप नंतर आले, आणि ते अजून ब्रुकलिनमध्येच बनतात. एसआर६०एक्स २०२१ मध्ये ९९ डॉलरला आला. स्पंज कानावर टोचतो, वायर निघत नाही, २ हजार हर्ट्झजवळ आवाज पुढे ढकललेला आहे. पण गिटारची तार छेडल्यावर जी टणत्कारते ती तशी दुसऱ्या कोणाकडे ऐकायला मिळत नाही, आणि सतार ऐकणाऱ्यांनी तर एकदा तरी कोणाचा उसना घेऊन ऐकावाच. रोज चार तास घालायला मात्र मला तो झेपला नसता.

याच्या वर सेनहायझरचा एचडी ५६०एस, २०२० चा, १२० ओहमचा, अगदी सरळ स्वभावाचा. आणि हायफायमॅनचा एचई४००एसई, त्यात ड्रायव्हर वेगळ्या जातीचा असतो, प्लॅनर, आणि तो ओपन असूनही खाली बराच पोचतो. पण हे दोन्ही "स्वस्त" या शब्दाच्या कुंपणावर बसलेत.

पहिलाच असेल तर माझं मत केएससी७५ किंवा पोर्टा प्रो. आवडला नाही तरी पोट दुखत नाही.

पायरी तीन: अँप घेऊ नका

थांबा. घेऊ नका. हेडफोन आला की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी सांगतं की डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल बनवणारी डबी) पाहिजे, अँप (तो सिग्नल मोठा करणारी डबी) पाहिजे, चांदीची वायर पाहिजे. मी पहिल्या वर्षी तेच केलं, हेडफोनच्या दुप्पट किमतीचं अँप घेतलं, एका नावाजलेल्या दुकानातल्या माणसाने इतकं गोड बोलून गळ्यात मारलं की घरी येऊन आठवडाभर मला फरक ऐकू येत होता, मग एक दिवस भावाला सांगितलं की मला न सांगता वायर इकडून तिकडे लाव, आणि दहापैकी पाच वेळा माझं उत्तर चुकलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

ओहमचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पोर्टा प्रो आणि केएससी७५ ६० ओहमचे आहेत आणि साध्या फोनवर व्यवस्थित वाजतात. ओहमबरोबर संवेदनशीलताही बघायची असते, म्हणजे एवढ्या वीजेत किती मोठा वाजतो ते. एचई४००एसई चे ओहम कमी आहेत पण संवेदनशीलता ९१ डेसिबल, म्हणून तो फोनवर मरगळलेला वाटतो. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमवाला घ्याल तेव्हा अँपचा विचार करा.

फोनला हेडफोनचं भोकच नसेल, जे आता बहुतेकांना नसतं, तर टाइप-सी चा छोटा डोंगल घ्या. अ‍ॅपलचा डोंगल छान आहे पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज निम्माच निघतो, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांनी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा बघितलेला बरा. लॅपटॉपला भोक असेल तर सरळ त्यातच.

पायरी चार: घालायचा कसा

हसू नका, अर्धी मजा इथे जाते. स्पंजवाला हेडफोन कानाच्या भोकासमोर अर्धा सेंटिमीटर जरी इकडेतिकडे झाला तरी बास येतो किंवा जातो. गाणं लावा, चकती एका हाताने धरून हळूहळू पुढे, मागे, खाली सरकवा, एका जागी गळा एकदम समोर येतो आणि डग्गा भरतो. ती जागा लक्षात ठेवा. बहुतेकांची ती त्यांना वाटते त्यापेक्षा थोडी पुढे, गालाच्या बाजूला असते.

केएससी७५ च्या क्लिपच्या आत तार असते, ती बोटांनी हलकेच आतल्या बाजूला वळवली की चकती कानाला नीट टेकते. हलकेच म्हटलंय. क्लिप जागेवरून निघाली तर दाबून परत बसते, त्यात घाबरायचं काही नाही. चष्मा असेल तर आधी हेडफोन, मग चष्म्याची काडी, उलट केलंत तर दोन्ही लोंबकळतात. आणि बायकांनो, कानातले काढा. कुड्या घालून मी एकदा संध्याकाळभर ऐकलं, दुसऱ्या दिवशी कानाची पाळी लाल.

आवाजाची पातळी. पंख्यावर मात करायला आपण नकळत आवाज चढवत जातो, ओपन-बॅकचा खरा धोका हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा हिशोब आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की तो वेळ निम्मा होतो. घरात मोजायचं कसं? माझी रीत अशी, हेडफोन घालून समोरच्याने साध्या आवाजात हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. नाही आली तर मी मर्यादा ओलांडलीय.

पायरी पाच: पहिले पंधरा दिवस निकाल देऊ नका

बंद हेडफोनवरून इकडे आलात तर पहिल्या दिवशी वाटणार, अरे हे तर पाण्यासारखं पातळ आहे. वाटू दे. कान इतकी वर्षं फुगलेल्या बासला सरावलेत, त्यांना उतरायला वेळ लागतो. याला काही लोक हेडफोन "पिकणं" म्हणतात आणि शंभर तास नुसता वाजत ठेवायला सांगतात. स्पंज थोडा मऊ होतो हे खरं, बाकी पिकतो तो आपला कान. कपाटात शंभर तास वाजवून तो कसा पिकणार?

पंधरा दिवस फक्त हाच वापरा. मग एक दिवस जुना बंद हेडफोन काढून तेच गाणं लावा. मला आठवतंय, मी तेव्हा उठून फोनचं सेटिंग तपासलं होतं, मला वाटलं कोणीतरी काहीतरी बिघडवून ठेवलंय.

या काळात काय ऐकायचं? माझी परीक्षा तानपुऱ्याची. पुरुष गायकाचं, काळी एक पट्टीतलं (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा सा), जुनं असलं तरी चालेल, सुरुवातीला दोन मिनिटं नुसते तानपुरे असलेलं रेकॉर्डिंग काढा. काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची, तार ६९ च्या आसपास. बरोब्बर तिथे, जिथे आपला हेडफोन गुडघे टेकायला लागतो. आणि तरी खर्ज ऐकू येतो! कारण तारेच्या वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुराबरोबर निघणारे त्याच्या दुप्पट, तिप्पट असे सूर) मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. चोरी झालीय पण घरच्यांना पत्ता नाही.

आता डोळे मिटून खर्जाच्या तारेवरच कान ठेवा. जवारी, म्हणजे घोडीवरून येणारी तारेची झणक, नीट लागली असेल तर त्या तारेतून गंधार ऐकू येतो, कोणी न छेडलेला, ज्याला गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, ६९ गुणिले ५, साधारण ३४५ हर्ट्झ, म्हणजे तार सप्तकातला गंधार. हा सूर एकदम मध्ये बसतो, जिथे स्वस्त बंद हेडफोनची वाटी घुमत असते आणि ओपन-बॅक स्वच्छ असतो. माझ्या कपाटातल्या बंद हेडफोनवर मला तानपुऱ्याचा एक छान गोड गुंजारव ऐकू यायचा, एकसंध, गालिच्यासारखा. केएससी७५ वर पहिल्यांदा त्या गालिच्यातला धागा वेगळा दिसला. वीस डॉलरच्या प्लॅस्टिकच्या चकतीवर. मी तीच दोन मिनिटं सहा-सात वेळा ऐकली, गवई बिचारा गायला तोंड उघडायचा आणि मी परत मागे न्यायची.

तबल्यासाठी चाट आणि घुमारा दोन्हीकडे लक्ष द्या. चाट टणटणीत येईल, शाईवरचा "तिं" सुंदर येईल, डग्ग्याचा घुमारा मात्र अर्धाच पोटात जाईल. ते आहे ते आहे.

पायरी सहा: खोड काढायची तर एवढीच

स्वस्त हेडफोनचं सुख म्हणजे त्याच्याशी खेळायला भीती वाटत नाही. वीस हजाराच्या वस्तूत कोणी टिश्यू पेपर कोंबणार नाही.

आधी इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप घ्या, त्यात हेडफोनचं नाव टाकलं की तयार सुधारणा मिळते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, आणि ते हाताळायला सोपं जावं म्हणून त्यावर पीस नावाचं जोड-अ‍ॅप. दोन्ही फुकट. तयार सुधारणा लावलीत की ती निम्मी करून बघा, बऱ्याचदा पूर्णपेक्षा निम्मीच बरी वाटते. हाताने करायचं तर १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल चढवा, आणि जेवढं चढवलं तेवढंच एकूण पातळीतून, म्हणजे प्रीअँपमधून, उतरवा, नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटतो. १० डेसिबल चढवून ३० हर्ट्झ काढायचा हट्ट धरू नका, त्या छोट्या पडद्याची तेवढी धाव नाही, तो नुसता फडफडतो.

वरचे सूर टोचत असतील तर ८ हजारच्या आसपास ४-५ डेसिबल अरुंद उतरवा. इक्वलायझर नको असेल तर टिश्यू पेपर. माझ्याकडे एक सेमी-ओपन होता, नाव नको, त्यात "सखी" मधला स ऐकला की दात आंबायचे. पॅड काढले, टिश्यूचा एक पापुद्रा, तो दोन पदरी असतो त्यातला एकच, गोल कापून ड्रायव्हरसमोर ठेवला, पॅड बसवले. स बसला. दुसरा पापुद्रा ठेवला तेव्हा गाणं पण बसलं, म्हणून तो काढला. कापूसही चालतो पण पातळ, पिंजलेला, आणि ड्रायव्हरला न चिकटणारा.

पायरी सात: स्पंज आणि पावसाळा

स्पंज खराब होतातच, हे गृहीत धरा. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या बाजूला तर दीड-दोन वर्षांत ते काळ्या भुकटीसारखे झडायला लागतात, कानात काळं दिसलं की समजायचं. नवे जोड स्वस्त मिळतात, मोठे, जाड, पातळ असे सगळे, पण जाडीप्रमाणे आवाज बदलतो. जाड स्पंजने ड्रायव्हर कानापासून लांब जातो, बास घटतो, मोकळेपणा वाढतो. पहिल्यांदा बदलताना मूळ जोडासारखाच घ्या.

मधून मधून स्पंज काढून कोमट पाण्यात शिकेकाईचा नव्हे, साधा शाम्पू घालून दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा, रात्रभर वाळवा. ओला स्पंज चढवायचा नाही. पावसाळ्यात हेडफोन वापरून झाला की बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा. उघड्या जाळीतून केस आणि धूळ आत जाते, आणि एखादा केस पडद्याला टेकला की ठराविक सुराला चरचर येते, मग माणूस समजतो ड्रायव्हर फुटला. स्पंज काढा, उजेडात बघा, केस चिमट्याने उचला. फुंकर जोरात मारू नका.

जुना घेत असाल तर

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, मी दोन घेतलेत. एकात फसले, वायरच्या मुळाशी आतून तुटत आलेलं होतं, विकणाऱ्याने वायर एका विशिष्ट कोनात धरून वाजवून दाखवलं आणि मी मान डोलावली. म्हणून वायर दोन्ही टोकांना वाकवून बघा, प्लग गोल फिरवून बघा. फोनवर मोनो करून, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज ठेवून, एकाच गळ्याचं गाणं लावा, गळा बरोब्बर कपाळाच्या मध्यावर आला पाहिजे, डावी-उजवीकडे सरकला तर एक ड्रायव्हर दमलाय. मग २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर हळू आवाजात लावा आणि चरचर ऐका. स्पंज घरी आल्यावर नवेच घाला, दुसऱ्याच्या कानाचे वापरू नका, हे सांगायला लागतं म्हणून सांगतेय.

मावसभावाला मी शेवटी पोर्टा प्रो सांगितला, कारण तो गणपतीत ताशा वाजवतो आणि बासशिवाय त्याचं पान हलत नाही. उरलेल्या पैशात काय घेऊ म्हणाला, खिडकीची जुनी रबरं बदल म्हटलं, रस्त्याचा आवाज कमी होईल. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.